इराच्या शाळेची सोडत

चहा आधी ओता बरं. ऐकून झाल्यावर तुम्ही मला चहा विचाराल याची खात्री नाही. काय सांगू तुम्हाला, संख्याशास्त्रात पीएचडी केलेल्या माणसाने असला मूर्खपणा करावा? तोही भरसभेत, नातीच्या देखत!

अमेरिकेत आमच्या गावी, नोव्हायला, घरापासून चालत चार मिनिटांवर एक चार्टर शाळा आहे. फी नाही, पैसा सरकारी, पण कारभार शेजारपाजारचीच माणसं बघतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की जाहीर सोडत. इरा, माझी नात, पाच वर्षांची. ही शाळा मिळाली तर मी रोज तिचा हात धरून चालत सोडणार. नाहीतर दूरची शाळा आणि पिवळी बस, कारण डोळ्यांमुळे मी गाडी चालवणं सोडलंय. आता सांगा, सोडत इराची होती की माझी?

नियम मी तीनदा वाचले होते. तरी धाकधूक होतीच. सकाळी मुलीला, केतकीला, विचारलं, "इराचा जन्मदाखला घेतलास?"

"बाबा, सोडत आहे. इंटरव्ह्यू नाही."

"असू दे गं. माझं पीएचडीचं सर्टिफिकेट?"

"बाबा!"

इराला मात्र मी छातीठोक सांगितलं होतं, "ही शाळा तुला मिळणार म्हणजे मिळणार. प्रॉमिस!" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्यावर उलटणार आहे.

हॉल खचाखच भरलेला. मी कोट घालून पहिल्या रांगेत. स्टेजवर काचेच्या भांड्यात आकडे लिहिलेले चेंडू. इराचा आकडा सतरा. प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, "चेंडू काढायला शेजाऱ्यांपैकी कोण येतंय?"

कुणीच हात वर करेना.

आता आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या सोडतीची चिठ्ठी काढायला दरवर्षी मलाच बोलावतात. ज्येष्ठ, प्रामाणिक, आणि बसलेला पहिल्या रांगेत! वर्षानुवर्षांची सवय हो. शिवाय वाटलं, तेवढंच इम्प्रेशन पडेल. हात कधी वर गेला, मला कळलंच नाही.

"बाबा, हात खाली!" केतकी दातओठ खाऊन कुजबुजली.

मला वाटलं, पोरगी उगाच लाजतेय. तरातरा स्टेजवर गेलो, डोळे मिटले, पहिला चेंडू काढला.

सतरा!

आणि तेव्हा, अगदी तेव्हा, नियम क्रमांक सहा आठवला. सोडत काढणारा अर्जदाराचा नातेवाईक नसावा. अहो, हेच मी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं! ज्याचा निकालात स्वार्थ, त्याने नमुना निवडू नये.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं, इराचं आडनाव वेगळं आहे. कुणाला कळणार? तेवढ्यात इरा खुर्चीवर उभी राहून ओरडली, "आजोबा, यू पिक्ड मी! यू प्रॉमिस्ड!"

मग मागून एक बाप ओरडला, "हा काय प्रकार आहे?"

मी माईक घेतला. "मी नातेवाईक आहे, चूक माझी आहे. सोडत पुन्हा काढा." इथे थांबावं की नाही? पण मला पुरावा द्यायचा होता! "लोकहो, मी हे मुद्दाम केलं नाही. मुद्दाम करायचं असतं तर मी तो चेंडू फ्रिजरमध्ये थंड करून आणला असता. हाताला लगेच कळतो!"

सगळा हॉल माझ्या कोटाच्या खिशाकडे बघायला लागला.

टपाल टाकायला आलेल्या पोस्टमनला बोलावून पुन्हा सोडत काढली. सतरा निघाला, पण जागा संपल्यानंतर. प्रतीक्षायादीत पहिला. घरी येताना इरा मुसमुसत होती. मी तिला म्हटलं, "बाळा, माझ्यासारखं करू नकोस. पूर्ण विचार केल्याशिवाय हात वर करायचा नाही."

पण प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस! मी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नऊला चालत शाळेत हजर. पाऊस असो, ऊन असो. "एनी न्यूज?" पुढे सुट्टी लागली, तरी ऑफिसच्या दारात मी. वाटायचं, आपण या लोकांना छळतोय का? छळत होतोच. तरी जायचो. ऑगस्टमध्ये एक कुटुंब दुसऱ्या गावी गेलं आणि जागा रिकामी झाली. प्रिन्सिपॉलबाई हात जोडून म्हणाल्या, "अभिनंदन! आता उद्यापासून प्लीज येऊ नका."

म्हटलं, "बाई, आता तर रोज येणार. नातीला सोडायला!"

परवा पालकसभा झाली. केतकीबरोबर मीही गेलो. टीचर म्हणाली, "इरा हुशार आहे. सगळं येतं तिला. पण वर्गात प्रश्न विचारला की दोन्ही हातांवर बसून राहते. म्हणते, आमच्या घरात हात वर करायला बंदी आहे. हे तिला शिकवलं कुणी?"

केतकी छताकडे बघायला लागली.

मी मुकाट्याने हात वर केला.