डोंगरापलीकडची झर

डिचोलीकडच्या एका खाणीवर मी चौदा वर्षं पंप चालवला. खड्डा खोल गेला की तळाला पाणी फुटायचं. ते बारा महिने उपसून ओढ्यात सोडलं तरच यंत्रांना माती उकरता यायची.

माझी धाकटी बहीण त्याच डोंगराच्या पलीकडच्या गावात दिलेली. तिच्या सासरच्या कुळागरात बारमाही झर होती. पोफळी, माड, केळी, सगळं त्या झरीच्या पाण्यावर. मी पंपावर लागलो त्याच्या चौथ्या वर्षी झर आटली. पाणी कुठे गेलं ते सांगायला कुणी मास्तर नको होता. मला ऐकताक्षणीच कळलं. पण आम्ही पंपवाले आपसात म्हणायचो, बटण आपण दाबतो, खाण काही आपली नव्हे. मी सोडलं तर पेडण्याहून दुसरा कोणीतरी बस धरून येईल. हे खरंच होतं, म्हणून फार सोयीचं होतं.

पुढे कंपनीने गावाला टँकर सुरू केला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मोफत पाणी’. तो मीच भरायचो, त्याच खड्ड्यातून. जेवायला गेलो की बहीण वाढता वाढता कंपनीचे गुण गायची आणि मी खाली मान घालून हुमण-भात गिळायचो.

एकदा गावाच्या तक्रारीवरून अधिकारी आला. पंप किती चालतो, असं त्याने सगळ्यांदेखत मलाच विचारलं. समोर बहिणीचा नवरा उभा होता. मी म्हणालो, “पावसाळ्यापुरता, साहेब.” तेवढ्यावर चौकशी मिटली. तसं सांग म्हणून मला कोणी पढवलंही नव्हतं. त्याचाच मला अजून राग येतो.

खाणी बंद पडल्या तेव्हा पंपाचं शेवटचं बटण मीच दाबलं. खड्डा भरत गेला. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला, झर आली, लगेच ये. गेलो. तोवर निम्म्या पोफळी वाळून गेल्या होत्या. झरीच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलेलं. मोठा भाऊ म्हणून नारळ फोडायचा मान माझा. तिने तो माझ्या हातात दिला.

“देवान पाणी दिल्यान, दादा.”

आता हे देवाच्या नावावर खपवायचं म्हणजे फारच झालं असतं.

“देवान नाय गो. पंप बंद झालो म्हणान इला. मी चालवी होतंय तवसर ता आमच्या खड्ड्यात येय होता.”

“ता तुका ठावक होता?”

“पयल्या दिसापासून.”

तिने कंपनीला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या, आणि मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि स्वतःच फोडला.