साडेचार ते पावणेपाच

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नागपूर सोडून बंगळुरात आलो. जयनगरात वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, मला सकाळच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी, मुलगी दुसरीत. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. हाताखाली कुणी नाही. मी ठरवलं, घर शिस्तीत चालवायचं. प्लायवूडचा फळा आणला, त्यावर रंगाने चौकोन पाडले आणि स्वतः खिळे ठोकून तो स्वयंपाकघरात बसवला. पाणी, डबे, अभ्यास, कपड्यांच्या घड्या, सगळ्याला वेळ ठरलेली. शेजारणी कौतुकाने बघायला येत आणि मी तोऱ्यात त्यांना चार युक्त्या सांगे.

त्या फळ्यापायी मुलीला किती मारते, ते मात्र सांगत नसे.

नवऱ्याने उशीर केला तर मी फार तर भांडी आपटे. मुलगी हाताशी होती. दप्तर भरायला पाच मिनिटं जास्त लागली की पाठीत धपाटा. दूध सांडलं की फूटपट्टी. एकदा कंपासपेटी जागेवर नव्हती म्हणून अशी थोबाडीत दिली, की तिचा चष्मा उडून ओट्यावर आपटला. काच फुटली, भुवईतून रक्त आलं. जखमेवर हळद दाबतानाही मी ओरडतच होते. तेव्हापासून माझा आवाज चढला, की ती आधी चष्मा काढून खिडकीत ठेवायची. मला त्याचाही राग यायचा.

खाली घरमालकीण राहायच्या. त्यांचं मराठी घर तीन पिढ्या इथलंच. एकदा त्यांनी मला जिन्यात अडवलं. "अक्का, स्वल्प हात आवर. लहान पोर आहे ते."

"माझं घर मी बघते," मी तोडून टाकलं. वर आले आणि त्या बोलण्याचा रागही पोरीवरच काढला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, तुझं वेळापत्रक या वेळी तूच कर. ती दुपारी बराच वेळ खाली मान घालून बसली आणि वहीचं पान घेऊन आली. पट्टीने आखलेले चौकोन, टपोरं अक्षर. माझीच लेक, असं वाटून ऊर भरून आला. मग एकेक चौकोन वाचत गेले.

चार ते साडेचार, अभ्यास. साडेचार ते पावणेपाच, मार. पावणेपाच ते पाच, तोंड धुणे. पाचनंतर खेळ.

"हे काय लिहिलंस?"

"रोज कधीही मार बसतो ना, मग खेळ बुडतो," ती समजावत म्हणाली. "एक वेळ ठरली की बरं. आणि बाबा येईपर्यंत गाल नीट होतो."

स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. तिला जवळ घ्यायला मी हात पुढे केला.

तिने चष्मा काढला, खिडकीत नेऊन जागेवर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं.

"आई, अजून साडेचार वाजले नाहीत."