इंजिनिअरला गाव दाखवताना

छापलेल्या बातमीत दुसऱ्या दिवशी कोणीतरी भजी बांधतो आणि ती संपते. जी छापता येत नाही, ती मात्र घरी येऊन राहते. वर्धा जिल्ह्यात उभा जन्म बातमीदारी केली. न छापलेल्या बातम्यांचा डोक्यात एवढा ढीग साचलाय, की बायको म्हणते, "थोडं रद्दीत देऊन टाका!"

हा ढीग पुन्हा उपसला गेला तो आमच्या कोंडवाड्यामुळे. मोकाट जनावरं पकडून कोंडायची ही दगडी भिंतींची जागा पाडून तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं ठरलं. गावाचं नाव सांगत नाही. सिंदी रेल्वेपासून फार लांब नाही, एवढं पुरे. मी तणतणत नगरपरिषदेच्या ऑफिसात गेलो, तर पुण्याकडून आलेला नवा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "काका, या गावात जपण्यासारखं आहे तरी काय?"

काका! अहो, माझ्या प्रश्नांना मंत्री घाबरत. मी टेबलावर हात आपटला. "रविवारी येजो. दाखवतो!"

आणि तो आला! त्याच्यापुढे आम्ही चौघं. शाळेतून निवृत्त झालेले देवतळे गुरुजी, कापसाचे दलाल गजूभाऊ, पोस्टातून निवृत्त झालेल्या शोभाताई आणि मी. शोभाताईंचे वडील कोंडवाड्याचे मुनशी, म्हणजे दंड वसूल करणारे कारकून होते. त्याच भिंतीला लागलेल्या खोलीत त्यांचा जन्म झाला. आम्ही तिघं भांडायला आलो होतो. त्या मात्र गप्प होत्या.

* * *

सुरुवात कापसाच्या बाजारापासून. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत. इंजिनिअर एका दगडावर टेकला आणि म्हणाला, "इथं हेरिटेज कुठंय?"

"तुमच्या बुडाखाली!" गुरुजी म्हणाले.

याच दगडाजवळ गाड्या थांबत आणि सौदे होत. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली दोघांनी हात घालायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. गजूभाऊंनी लगेच साहेबांचा हात दुपट्ट्याखाली ओढला, दोन-चार बोटं दाबली आणि हात सोडला.

"समजलं काय?"

"नाही."

"तुमचा कॉम्प्लेक्स इकत घेतला मी. तुमी हो म्हनलं!"

* * *

पुढच्या रविवारी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीची चिमणी. आता तिच्यावर पिंपळ उगवलाय. पूर्वी तिथला भोंगा वाजला की अख्ख्या गावाची कामं सुरू होत आणि तो पुन्हा वाजला की थांबत. शाळासुद्धा त्याच्यावरच सुटे. गुरुजी तेव्हा नव्यानं लागले होते. एक दिवस जिनिंगमध्ये संप झाला. भोंगा वाजलाच नाही. पोरं पाटीवर डोकं टेकून झोपली, आया पोरांना शोधत शाळेत आल्या, पण हेडमास्तर घंटा द्यायला तयार होईनात.

"सर, ऊन उतरलं," गुरुजी म्हणाले.

"उतरू द्या! कामगारांचं मालकाशी पटत नाही, म्हणून मी वेळ ठरवू काय?"

* * *

मग टॉकीज. आता तिथं मंगल कार्यालय आहे. सिनेमाची रिळं पॅसेंजर गाडीनं यायची. एकदा मधलं रीळच कुठल्या तरी स्टेशनवर राहिलं. पब्लिक खुर्च्या मोडायला निघालं. टॉकीजचा मालक पडद्यापुढे उभा राहिला आणि स्वतःच गोष्ट सांगू लागला. हिरोच्या बापाचं मरण तर त्यानं जमिनीवर आडवं पडून दाखवलं. बायका रडल्या. मागून शिट्ट्या आल्या, "वन्स मोअर!"

बिचाऱ्याला पुन्हा मरावं लागलं!

* * *

आणि रेल्वे फाटक! ते आठवलं की आजही माझं पित्त खवळतं. आता वर उड्डाणपूल आहे. मंत्री डोक्यावरून भुर्रकन निघून जातात. पूर्वी फाटक बंद झालं की लाल दिव्याची गाडीही बैलगाडीमागे उभी राहायची. मी चहाच्या टपरीवरून उठायचो आणि काचेवर टकटक करायचो. माझ्या अर्ध्या मुलाखती त्या फाटकावरच्या!

एकदा आगगाडी निघून गेली तरी फाटक उघडेना. मंत्र्यांचा पीए धावत गेला. "काऊन उघडत नाई बे?"

फाटकवाला शांत. "पत्रकारसाहेबाचे दोन प्रश्न बाकी हायेत जी."

इंजिनिअर पहिल्यांदाच खळखळून हसला. मला तो तेव्हापासून जरा बरा वाटू लागला, पण मी तसं दाखवलं नाही.

* * *

तरी एका सकाळी जेसीबी आलाच. इंजिनिअर मान खाली घालून म्हणाला, "वरून ऑर्डर आहे, काका."

आम्ही कोंडवाड्यावर पोचलो, तर फाटकाला कुलूप आणि आत एक तांबडी गाय. नियम साधा आहे: मालकानं येऊन दंड भरल्याशिवाय जनावर सुटत नाही. आणि आत जनावर असताना भिंत कोण पाडणार?

"कोणाची गाय आहे?" इंजिनिअरनं विचारलं.

गुरुजी आभाळाकडे पाहू लागले. गजूभाऊ म्हणाले, "बेवारस दिसते, साहेब."

गाय शोभाताईंकडे पाहून हंबरत होती. शोभाताई भिंतीवरून तिला कडबा देत होत्या.

"ताई, तुमची आहे का?"

"मले काय माहीत, बावा!"

"मग चारा कशाला देताय?"

"बेवारस हाय म्हणून उपाशी ठेवू काय?"

तिकडे जेसीबीचा ड्रायव्हर वैतागला. "असली मरतुकडी गाय न्याले कोण येते, साहेब? द्या हाकलून!"

"मरतुकडी?" शोभाताईंच्या हातातला कडबा खाली पडला. "कोणाले मरतुकडी म्हणून राह्यला बे तू? माह्या हातची सरकी खाते थे! माह्या घरच्या गाईले नावं ठेवतं?"

झालं! मी डोळेच मिटून घेतले.

इंजिनिअरनं शोभाताईंकडे पाहिलं. गाईकडे पाहिलं. मग कोंडवाड्याच्या भिंतीला पाठ टेकून त्यानं फोन लावला.

"सर, आज काम होत नाही. आत जनावर आहे... नाही सर, मालक सापडत नाही... हो सर, गावभर विचारून राह्यलो!"