विहिरीतला वायू

मी आठ वर्षं पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवलं आणि त्यातल्या शब्दांवर माझा विश्वास नव्हता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. शब्द खोटे वाटायचे असं नाही. पण ते पुस्तकाच्या हद्दीत राहतात, पेपरात लिहायचे असतात, एवढंच मी धरून चाललो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळा तळेगावच्या अलीकडे, संत्र्यांच्या बागांमधल्या एका गावात. मी आर्वीला राहायचो आणि एसटीनं येणं-जाणं करायचो. वर्गात मी तीन तक्ते टांगले होते. एकावर जमिनीचे शब्द: भूजल, पाझर, खडक. दुसऱ्यावर घनता, ज्वलन, वायू. तिसऱ्यावर श्वसन, रक्त, फुप्फुस. रोज परिपाठानंतर एक मूल शब्द म्हणायचं, बाकीचे एका सुरात अर्थ म्हणायचे. तपासणीला आलेले साहेब हा कार्यक्रम पाहून खूश झाले. दुसऱ्या शाळांनीही असं करावं, असा शेरा त्यांनी वहीत मारला. एखाद्या मुलानं मधेच काही विचारलं की सूर तुटायचा. मला ते आवडत नसे. "आधी पाठ कर, मग विचार," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

सातवीत एक मुलगी होती. सुरात तिचा आवाज नेहमी अर्धा शब्द मागे असायचा. मला वाटायचं, हिचं पाठांतर कच्चं आहे. ती विचार करत असायची, हे माझ्या लक्षात आलं नाही.

एप्रिल होता, सकाळची शाळा. शनिवारी शाळा सुटल्यावर ती तक्त्यांसमोरच उभी राहिली.

"सर, एक विचारू का?"

"विचार. लवकर. माझी बस आहे."

"विहिरीचं पाणी खाली गेलं नं, म्हणून बाबानं इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरोलं. तिथंच चालोते. मंग त्याचा धूर कुठी जात असन?"

"वर जातो धूर."

"पण वारा कुठी हाय तिथं? अन् तुम्हीच तं सांगतलं, जड वायू खाली बसते म्हणून." तिनं आधी पहिल्या तक्त्याकडे हात केला, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. "पाणी खाली गेलं. वायू खाली बसला. अन् माणूस खाली उतरला तं श्वास कायचा घेईन?"

आठ वर्षांत तिन्ही तक्ते एका विहिरीत उतरवणारं मूल मला भेटलं नव्हतं. मलाही ते कधी सुचलं नव्हतं.

"उद्या बाबा उतरणार हाय, इंजिन पाह्याले. मी म्हटलं तं हासते माह्यावर. तुम्ही सांगा नं, सर. तुमचं आयकन तो."

"बरं, सांगतो," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो, असं मला आजही वाटतं. पण आपल्याला काय वाटतं याला फारशी किंमत नसते.

थांब्यावर मी एकटाच होतो. ऊन एवढं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. तिचे वडील सायकलवरून आले, हँडलला डिझेलची कॅन. मला पाहून त्यांनी पाय टेकवला.

"काय सर, आमच्या पोट्टीले काय शिकवून राह्यले तुम्ही? मले विहिरीत उतरू देत नाई ना!"

मी हसलो.

"म्हणते, खाली वायू असते, माणूस मरते. रात्री जेवू नाई दिलं तिनं धड." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "खरं असते का हो सर, तसं?"

हे त्यांनी थट्टेत विचारलं नव्हतं. थट्टा कुठे संपली ते मला कळलं होतं.

त्याच क्षणी वळणावर बस दिसली. मला नक्की ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली. हा माणूस वीस वर्षं विहिरीत उतरतोय, याला मी काय सांगू, असंही मनात आलं. उद्या काहीच झालं नाही तर गावात हसू होईल, हेही आलं. हे सगळं बस थांबेपर्यंतच्या वेळात.

"पुस्तकातलं असते हो भाऊ ते," मी म्हणालो. "परीक्षेपुरतं."

"तेच म्हटलं मी," ते म्हणाले आणि सुटल्यासारखे हसले. मी बसमध्ये चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा ते पायडल मारत चालले होते आणि कॅन हँडलला हलत होती.

रविवारी इंजिन चालता चालता बंद पडलं. धूर तसाच कोंडलेला असताना ते लगेच उतरले. सोमवारी मी शाळेत पोचलो तेव्हा अंत्यसंस्कारही झाले होते.

आम्ही शिक्षक त्यांच्या घरी गेलो. अंगणात बायका बसलेल्या. ती मुलगी मला पाहून उठली आणि आईला म्हणाली, "सरांनी सांगतलं होतं वं बाबाले. परवा बाबाच म्हणे, भेटले होते तुह्ये सर. तरी नाई आयकलं त्यानं."

म्हणजे त्यांनी घरी माझं उत्तर सांगितलं नव्हतं. फक्त भेट झाली एवढंच. का, हे मी अनेकदा उलगडून पाहिलं. कदाचित पोरीच्या नजरेत तिचा मास्तर पडू नये म्हणून.

आई डोळे पुसत म्हणाली, "हट्टीच होता माणूस. देवासारखा माणूस सांगून राह्यला होता तं आयकाचं नाई?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला तेवढा क्षण पुरेसा होता. मी मान खाली घातली आणि लोकांनी ते दुःख समजलं.

मग ते तसंच पक्कं झालं. गावात कोणी इंजिनासाठी विहिरीत उतरू लागलं की म्हणायचे, सरांचं आयक, त्याच्यासारखं करू नको. दोन वर्षांनी मी आर्वीकडे बदली मागून घेतली. नव्या शाळेत मी तक्ते टांगले नाहीत.

ती शिकली. डी.एड. करून तीही विज्ञान शिकवू लागली. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तिनं मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. मुलांसमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या बाबांना सरांनी बजावलं होतं. बाबांनी ऐकलं नाही. म्हणून म्हणते, शब्द नुसते पाठ करू नका, ऐका." पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. तिनं मला हात जोडले. मीही जोडले.

तिचे बाबा हट्टी नव्हते. त्यांनी विचारलं होतं. विचारायला सायकलवरून पाय खाली टेकवला होता. त्यांना चुकीचं सांगणारा मी होतो. हे मी त्या दोघींना, त्यांच्या घरी जाऊन, माझ्या तोंडानं सांगायचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.