फर्म्याची रेघ

“पानं खातीस काय गं, का शेळीला घालतीस?”

विडी कारखान्याचा मुकादम आमच्या शेजारच्या आक्काला विचारत होता. निपाणीच्या पत्रेवाल्या अण्णांच्या दुकानात मी गळकी बादली घेऊन उभी होते. बेळगावच्या इंग्रजी शाळेला तेव्हा सुट्टी होती.

आक्का घरी विड्या वळायची. भिजवलेल्या पानावर विडीच्या मापाचा पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची. मुकादमाने तोलून दिलेल्या पानांत ठरलेल्या विड्या व्हायलाच हव्यात. दिवाळीपासून तिच्या कमी भरत होत्या.

“एक पान वाया घालवत न्हाय ओ मी.”

“मग बाकीच्या बायकांस्नी कशी पुरत्यात? उद्यापास्नं तुला पान बंद.”

आक्काने आपला फर्मा मुकादमापुढे धरला. तिच्या घरात दुसरं मिळवणारं कोणी नव्हतं.

अण्णा मुकादमासाठी नवा फर्मा करत होते. त्यांनी मागच्या खेपेचा फर्मा पत्र्यावर ठेवला, खिळ्याने भोवती रेघ ओढली आणि रेघेच्या बाहेरून कातर चालवली. बाहेरून कापायचं, मग कानशीने घासत रेघेपर्यंत आणायचं, ही त्यांची रीत मी लहानपणापासून पाहिली होती. आज त्यांनी कानस दोनदाच फिरवली. कडेचं बोचरेपण तेवढं गेलं, रेघेबाहेरचा पत्रा तसाच राहिला; नवा फर्मा मागच्यापेक्षा तेवढा मोठा. महायुद्धामुळे नवी कानस मिळत नव्हती आणि हातातली पार गुळगुळीत झाली होती. मूळचा पितळी फर्मा भिंतीवर काळा पडून लटकत होता.

शाळेत नकाशावरून नकाशा काढताना आमचा देश असाच दर वेळी थोडा फुगायचा.

आक्काचा फर्मा दिवाळीतला. बाकीच्या बायकांचे जुने.

अण्णांचं माझ्याकडे लक्ष गेलं. “बस की गं बाळ. इंग्रजी शाळेत बोलायला पैसं पडत्यात व्हय?”

मुकादम हसला. मी बसले नाही. अण्णांची चूक त्यांच्याच दुकानात, मुकादमासमोर काढायची, हे माझ्याने होईना. मी बादलीची कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मुकादमाने नवा फर्मा खिशात टाकला आणि पायरी उतरायला लागला. आक्का आपला फर्मा पदरात गुंडाळत होती.

“अण्णा, तो पितळी फर्मा काढा,” मी म्हणाले. “आक्काचा त्याच्यावर ठेवून बघा.”