लावण्याच्या गेममधलं गाव

"मॅडम, हा गेम जिंकताच येत नाही. मार्क कसे द्यायचे?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. दोन वर्षं एक ऐच्छिक पेपर घेतला. कादंबरी वाचतो तसा व्हिडिओ गेम वाचायचा, आणि वेगवेगळे समाज 'आपण कोण' हे कसं सांगतात याची तुलना करायची. शेवटी प्रोजेक्ट.

लावण्याने गेमच बनवला होता. चित्रं नाहीत, नुसता मराठी मजकूर. तिच्या घरी तेलुगू बोलतात. पणजोबा विणकामासाठी तेलंगणातून इथे आले. गेममध्ये आपण त्यांचं गाव शोधत जातो. एका दारात म्हातारी विचारते, "कुणाचे तुम्ही?" उत्तराला तीन पर्याय. कुठलाही निवडा, ती म्हणते, "ओळखलं नाही."

"याला शेवट हवा," परीक्षक सर म्हणाले. "उद्यापर्यंत बदला, नाहीतर नापास."

"सर, खोटा शेवट कसा लिहू?" लावण्या म्हणाली. तिचं शेवटचं वर्ष होतं. डिग्री अडकली असती.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. ते अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. मला वाटलं, आता तक्रार. पण ते म्हणाले, "मलाबी जरा दाखवा की."

ते एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागले. मध्येच म्हणाले, "विहीर उजवीकडं न्हाय, डावीकडं हाय."

"तुम्ही गेला होता तिथे?" सरांनी विचारलं.

"न्हाय की. वडील सांगायचे. त्यांनीबी बघितलं नव्हतं."

मग म्हातारीचा प्रश्न आला. त्यांनी एकही पर्याय दाबला नाही. स्क्रीनकडे बघत तेलुगूत आपल्या आजोबांचं नाव सांगितलं, मोठ्याने. आणि थांबले. उत्तर येईल अशा अपेक्षेनं थांबले. मग आमच्याकडे बघून ओशाळले. लावण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सरांनी मार्कशीट ओढून मार्क भरले. सही करून म्हणाले, "विहीर तेवढी डावीकडे घ्या."

त्या दुपारी मी कर्नाटकच्या सीमेवर, दुधनीला, आईला फोन केला. आमच्या घरच्या कन्नडमध्ये बोलायला गेले, तर तीन वाक्यांत शब्द संपले. आई म्हणाली, "असू दे, मराठीत बोल."

यंदा विद्यार्थी कमी पडले म्हणून पेपर बंद झाला. मी पुन्हा प्रस्ताव दिलाय. फॉर्ममध्ये 'अभ्यासक्रमाची उद्दिष्टे' असा रकाना असतो. मला लिहायचं असतं 'ओढ', पण तिथे तो शब्द चालत नाही. मी 'भाषिक कौशल्य' लिहिते.