लीवाची दोन मिनिटं

लिमोज ते आल्स्ट अंतर किती, असं आमच्या आल्स्टमध्ये कोणी विचारत नाही. कोणाच्या ढाबळीपर्यंत, असं विचारतात. शर्यतीची कबुतरं तिकडे फ्रान्समध्ये एकदमच सोडतात, पण परततात ती आपापल्या घरी. म्हणून प्रत्येक घराचं अंतर मीटरात मोजलेलं असतं. त्याला मिनिटांनी भागायचं. ज्याचा वेग जास्त, तो पहिला.

माझी शेजारीण लीवा हा भागाकार तोंडी करते. वय एकाहत्तर. नवरा मौरिट्स गेला आणि गावातले कबूतरवाले तिला अक्कल शिकवायला लागले. त्यात ओमेर सगळ्यात पुढे. मौरिट्सच्या पाखरांवर त्याचा पहिल्यापासून डोळा. शेवटी वैतागून लीवा म्हणाली, "लिमोजच्या शर्यतीत तुझ्या मागे राहिले, तर अख्खी ढाबळ घेऊन जा."

मला तिचा भयंकर राग आला. त्या पाखरांशिवाय तिच्या घरात बोलायला होतं कोण?

शर्यतीच्या शनिवारी ओमेर तीनलाच रिकामे पिंजरे घेऊन तिच्या अंगणात हजर. फडफडत्या कपड्यांना पाखरं बुजतात, म्हणून मी दोरीवरचं सगळं काढलं आणि कुंपणाशी उभी राहिले. तीन एकवीसला ओमेरच्या बायकोचा फोन आला. त्यांचं कबूतर पोचलं होतं.

"चल लीवा, पिंजरे भरू."

"बस खाली. सकाळी सातला सोडलीत. तुझं घर माझ्यापेक्षा चोवीसशे मीटर अलीकडे आहे. मला अजून दोन मिनिटं आहेत."

"दोन मिनिटांत काय दिवे लावणार आहेस?"

तीन बावीसला तिची निळी मादी झाडांवरून आली. छपरापर्यंत उतरली, अंगणात परका माणूस बघून पुन्हा वर गेली. पाखरू ढाबळीत शिरल्याशिवाय घड्याळ वेळ धरत नाही. ओमेरला हे माहीत नव्हतं थोडंच? तो पाय पसरून, टोपी सारखी करत बसून राहिला. असला निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही.

लीवाने त्याची कॉलर धरली, कोळशाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मग दाण्यांचा डबा हळूच हलवला. निळी उतरली, आत गेली. लीवाने घड्याळ मोठ्याने वाचलं: तीन बावीस, वर चाळीस सेकंद.

लीवा तिथेच उभी राहून पुटपुटायला लागली. पण आकडा आला तो बंद दाराआडून.

"तुझा मिनिटाला बाराशे दोन मीटर," ओमेर म्हणाला. "माझा बाराशे एक."

तिने कडी काढली तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझेही. ओमेर काळाठिक्कर होऊन बाहेर आला आणि मुकाट्याने पिंजरे गोळा करायला लागला.

"मौरिट्सनं मला कॉफी दिली असती," तो म्हणाला.

"हो," लीवा म्हणाली, "आणि हरला असता."